इजिप्तची वाट आणि जेरुसलेमची वाट

मुलांना किती जपावे? – पालकांसाठी अभ्यासपाठ
वाचन : मत्तय २:१३-२३, लूक २:४१-५२



मुलांना जपणे हा आईवडिलांचा धर्म आहे, याविषयी दुमत नाही. देवाने सोपवलेली ती ठेव आहे. प्रश्न आहे तो किती जपायचे आणि कुठवर जपायचे याचा. अलीकडे हा प्रश्न धर्मग्रामात जागोजागी दिसतो. दहावीतला मुलगा घरापासून दहा मिनिटांवर असलेल्या चर्चला एकटा येत नाही. धर्मशिक्षण वर्गात मुलीला प्रश्न विचारला तर दारात उभी असलेली आई उत्तर देते. वेदीसेवकाची पाळी चुकली तर त्याचे वडील फोन करून कारण सांगतात. आणि पहिल्या पापनिवेदनाला येणाऱ्या एखाद्या मुलाच्या हातात पापांची यादी असते, ती आईच्या अक्षरात!

हे ऐकून आपण हसतो, पण यात विचार करण्यासारखे आहे. स्वतःचे पापही मुलाला स्वतः आठवू न देणारे आपण, पुण्य तरी त्याला स्वतः करू देणार आहोत का? आज आपण पवित्र कुटुंबाकडे पाहून या प्रश्नाचा अभ्यास करू.

१. एकाच योसेफाच्या दोन वाटा

बाळ येशूच्या जिवावर हेरोद राजा उठला आहे, हे संत योसेफाला स्वप्नात कळले. तो सकाळची वाट पाहत बसला नाही. त्याच रात्री बाळाला आणि मरियेला घेऊन त्याने इजिप्तची वाट धरली. घर, काम, नातेवाईक सारे मागे राहिले. मुलाला वाचवण्यासाठी परदेशी निर्वासित होण्याची त्याची तयारी होती. जपणे म्हणजे काय, ते इथे पाहावे.

पण हेच शुभवर्तमान पुढचेही सांगते. हेरोद मेला, तेव्हा योसेफ परत आला. यहुदियात हेरोदाचा मुलगा अर्खेलाव राज्य करीत आहे हे ऐकून तो तिकडे गेला नाही, गालीलात नाझरेथला जाऊन राहिला. म्हणजे त्याची भीती आंधळी नव्हती. धोका कुणापासून, कुठे आणि केव्हापर्यंत, हे त्याला ठाऊक होते. धोका संपला तेव्हा इजिप्तचा मुक्कामही संपला.

आता संत लूककडे वळू. येशू बारा वर्षांचा आहे. वल्हांडण सण आटोपून मंडळी जेरुसलेमहून परत निघाली. मुलगा यात्रेकरूंमध्ये कुठेतरी असेल असे समजून मरिया आणि योसेफ दिवसभर चालले. संध्याकाळी नातेवाइकांत शोधले, तेव्हा तो सापडला नाही. आजच्या एखाद्या पालकाला वाटेल, केवढा हा निष्काळजीपणा! पण ज्या योसेफाने त्याला मध्यरात्री उचलून इजिप्तला नेले, तोच हा योसेफ. तो बदलला नव्हता. मुलगा वाढला होता. तान्ह्याला छातीशी धरायचे असते. बारा वर्षांच्या मुलाला आपल्या लोकांमध्ये चालू द्यायचे असते.

मुलगा हरवल्यावर मात्र ते स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी परत जाऊन शोध घेतला आणि तिसऱ्या दिवशी तो मंदिरात गुरुजनांमध्ये बसून प्रश्न विचारताना सापडला. आईने त्याला खडसावले. त्याचे उत्तर त्यांना समजले नाही, तरी मरियेने ते अंतःकरणात जपून ठेवले. येशू त्यांच्याबरोबर नाझरेथला गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. मोकळीक आणि आज्ञाधारकपणा एका घरात राहू शकतात, हे नाझरेथने दाखवले.

२. पालकांची भीती खोटी नाही

कुणी म्हणेल, ‘फादरना काय, त्यांना मुलेबाळे नाहीत.’ म्हणून आधी पालकांच्या बाजूने बोलतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. ज्या जागी मूल सुरक्षित आहे असे आपण मानतो, तिथेच हे घडावे! संतापलेले लोक रेल्वे रुळांवर उतरले. २०१२ साली बालकांच्या लैंगिक संरक्षणाचा पॉक्सो कायदा झाला, तो उगीच नव्हे. आपल्या ख्रिस्तसभेच्या घरातही मुलांवर अत्याचार झाले आणि अनेक ठिकाणी ते झाकले गेले. त्यासाठी पोप फ्रान्सिस ह्यांना २०१९ मध्ये जगभरच्या ख्रिस्तसभेसाठी तक्रार नोंदवण्याचे आणि चौकशीचे बंधनकारक नियम करावे लागले. तेव्हा जो पालक ‘माझ्या मुलाला कोण शिकवतो, कोण नेतो-आणतो’ असे विचारतो, तो योग्यच करतो. हाच प्रश्न त्याने धर्मगुरूंनाही विचारावा.

आपल्या भागातल्या अडचणी वेगळ्या सांगायला नकोत. बोईसर-तारापूरच्या रस्त्यांवर टँकर आणि ट्रक धावतात, पदपथ बेताचाच. औद्योगिक वसाहतीमुळे वस्ती वाढली, शेजारी कोण राहते ते ठाऊक नसते. घरात एक किंवा दोन मुले, दोघेही पालक कामावर, आजी-आजोबा गावी. भीती वाटणारच. हेरोद आजही आहेत. तेव्हा पालकांची टिंगल करण्यात अर्थ नाही.

३. भीतीला डोळे हवेत

पण भीतीला योसेफासारखे डोळे नसले, तर ती भलत्याच दिशेने धावते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आली आहे या अफवेवरून भिक्षा मागून पोट भरणाऱ्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावात चोर आणि मुले पळवणारे फिरत असल्याच्या अफवांतून दोन साधूंचा आणि त्यांच्या चालकाचा बळी गेला. या आठही जणांपासून कुठल्याही मुलाला धोका नव्हता. मोबाइलवर आलेला ‘सावधान! आपल्या मुलांना सांभाळा’ असा संदेश खातरजमा न करता पुढे पाठवताना हे आठवावे. मुलांच्या काळजीचे नाव घेऊन पसरलेली भीतीसुद्धा माणूस मारू शकते.

आंधळी भीती आणखी एक चूक करते. ती दाराबाहेरचा धोका पाहते आणि घरातला पाहत नाही. ऊन लागेल, पडेल, वाईट संगत लागेल म्हणून मुलाला आत ठेवले, आणि आत त्याने गप्प बसावे म्हणून हातात मोबाइल दिला. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत असल्याचे दिसले. पाहणीच्या आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो ५७ टक्के मुलांनी वापरला होता, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्के मुलांनी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जोनाथन हाइट ह्यांनी त्याच वर्षी आलेल्या आपल्या पुस्तकात या विसंगतीवर बोट ठेवले. प्रत्यक्ष जगात आपण मुलांना गरजेपेक्षा जास्त जपतो आणि मोबाइलच्या जगात मोकाट सोडतो, असा त्यांच्या मांडणीचा सारांश आहे. ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते उघडण्यास कायद्याने बंदी घातली. जो मुलगा एकटा बोईसर स्टेशनला जाऊ शकत नाही, तो रात्री अंथरुणात एकटाच साऱ्या जगात फिरत असतो!

तिसरी चूक खाडीकाठच्या माणसांना लगेच समजेल. मुलाने खाडीत उतरू नये म्हणून आपण त्याला रागावतो. पण त्या खाडीत कारखान्यांचे सांडपाणी येते, मासळी मरते, याबद्दल मच्छीमार समाजाने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, तेव्हा आपल्यापैकी कितीजण त्यांच्या पाठीशी होते? आपण आपले मूल सांभाळतो, पण मुलाचे पाणी, मुलाचा रस्ता, मुलाचे मैदान सांभाळत नाही. ती कामे एकट्या घराच्या आवाक्यातली नसतात, म्हणून ती कुणाचीच राहत नाहीत.

४. गर्भाशय जन्मासाठी असते

तेराव्या शतकातले महान तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस ह्यांनी आईवडिलांच्या देखरेखीला एक सुंदर उपमा दिली आहे. जन्मापूर्वी मूल आईच्या उदरात असते. जन्मानंतर, स्वतःची विवेकबुद्धी जागी होईपर्यंत, ते आईवडिलांच्या देखरेखीत असते, जणू एका आध्यात्मिक गर्भाशयात. पुढे स्वतःची इच्छा आणि बुद्धी चालू लागली की ते हळूहळू स्वतःचे होऊ लागते.

या उपमेवर मनन करावे. गर्भाशयाइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही. तरी नऊ महिने भरल्यावर कुठलीही आई ‘आणखी वर्षभर आतच राहू दे, बाहेर धूळ आहे’ असे म्हणत नाही. बाळाला आत जपायचे ते बाहेर येण्यासाठीच. दुसरा गर्भही तसाच आहे. फरक एवढाच, की पहिल्या वेळी निसर्ग दिवस ठरवतो, दुसऱ्या वेळी तो आपल्याला ठरवावा लागतो. तो दिवस एकदम येत नाही, रोज थोडाथोडा येतो.

ॲरिस्टॉटलने सांगितले आहे की घरे बांधून माणूस गवंडी होतो, आणि धैर्याची कामे करून धीट होतो. सद्गुण नुसता सांगून अंगी येत नाही, तो करावा लागतो. ज्या मुलाला कधी स्वतः निर्णय घेऊ दिला नाही, त्याला विवेक कुठून येणार? ज्याने कधी नकार ऐकला नाही, त्याला अपयश सोसणार कसे? पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१६ साली कुटुंबावर लिहिलेल्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात पालकांना हेच समजावले आहे. मूल या क्षणी कुठे आहे, यापेक्षा ते मनाने कुठे आहे, त्याचे ध्येय काय, श्रद्धा काय, हे विचारणे मोलाचे आहे, असे ते म्हणतात. प्रत्येक हालचालीवर ताबा ठेवून मूल घडत नाही.

५. दांडीच्या किनाऱ्यावरची शाळा

हे समजायला ग्रंथच वाचायला हवेत असे नाही. दांडीच्या आणि आसपासच्या मच्छीमार घरांत मुले समुद्र कसा शिकत, ते आठवावे. आधी किनाऱ्यावर मासळी निवडायची, जाळे दुरुस्त करताना सुतळी धरायची. मग मोठ्यांच्या नजरेसमोर खाडीत पोहायचे, होडी हाकायची. मग जवळच्या पाण्यात. भरती-ओहोटी, वारा, अमावस्या-पौर्णिमेचे उधाण कळू लागले की तांडेलाच्या हाताखाली खोल समुद्रात. उधाणाच्या पाण्यात कुणी लहान मुलाला ढकलत नसे, आणि वीस वर्षांचा होईपर्यंत त्याला वाळूतच बसवून ठेवत नसे. आज मासळी घटली, अनेक मच्छीमार पालकांना मुलांनी होडीवर जावे असे वाटत नाही. त्यांची इच्छा समजण्यासारखी आहे. पण धंदा सुटला तरी शिकवण्याची ती पायरीपायरीची रीत सुटू नये.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई शिंपटीने बाहेर काढते. शिंपटी आज चालणार नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतही शारीरिक शिक्षा बंद केली आहे. पण त्या आईचा हेतू ध्यानात घ्यावा. माझ्या मुलाला लोकांनी भित्रा म्हणू नये, ही तिची तळमळ होती. मारणारी तीच आई नंतर त्याला मायेने जवळ घेऊन कारण सांगते. आजची आई उलट म्हणते, ‘राहू दे, रडतोय तर नको जाऊ पाण्यात.’ अधिक माया कुणाची?

बायबलमध्ये मोशेच्या आईने काय केले? फारोच्या भीतीने तिने बाळ तीन महिने लपवले. पुढे लपवणे अशक्य झाले, तेव्हा तिने लव्हाळ्याची पेटी घेतली, तिला डांबर आणि राळ लावली, बाळाला आत ठेवले आणि नदीकाठच्या लव्हाळ्यात ती पेटी ठेवली. बाळाची बहीण काही अंतरावर उभी राहून पाहत होती. होडीला डांबर लावणाऱ्या माणसाला हे वेगळे समजवायला नको. पेटी नीट बुजवायची, मग ती पाण्यात सोडायची आणि दूर उभे राहून लक्ष ठेवायचे. पालकत्वाची तिन्ही कामे त्यात आली. आपण पहिले करतो, दुसरे टाळतो, आणि तिसऱ्याऐवजी स्वतःच पेटीत जाऊन बसतो.

६. संत मोनिकेचे अश्रू

काही पालक म्हणतात, ‘फादर, बाकी ठीक, पण बाहेर गेला तर श्रद्धा गमावून बसेल.’ बारावीनंतर बाहेरगावी शिकायला जाऊ पाहणाऱ्या मुलाच्या वडिलांनी मला हेच सांगितले होते. ‘तुम्हीच त्याला समजवा, इथेच कंपनीत लागेल, डोळ्यांसमोर राहील.’ मी विचारले, ‘डोळ्यांसमोर आहे, तेव्हा मिस्साला येतो का?’ ते म्हणाले, ‘मी उठवतो म्हणून येतो.’ मग मी म्हटले, ‘अजून वर्षभर आहे. आजपासून उठवू नका, पण त्याच्यासाठी प्रार्थना करा. तो स्वतः उठायला शिकला तर कुठेही गेला तरी उठेल.’

संत मोनिकेला हाच धडा कठीण गेला. तिचा मुलगा ऑगस्टिन भरकटला होता. तिने एका बिशपना गळ घातली, की त्याच्याशी बोलून त्याला वळवा. त्यांनी सल्ला दिला, की सध्या त्याला राहू दे, त्याच्यासाठी प्रार्थना मात्र कर. तिला ते पटेना. पुढे ३८३ साली ऑगस्टिनने कार्थेज सोडून रोमला जायचे ठरवले. आई बंदरापर्यंत मागे आली. त्याने तिला खोटे सांगून रात्री संत सिप्रियनच्या स्मारकमंदिरात थांबवले, आणि ती प्रार्थना करीत असताना जहाज निघून गेले. सकाळी किनाऱ्यावर ती आक्रोश करीत होती. पण त्याच प्रवासाने ऑगस्टिन पुढे मिलानला बिशप संत ॲम्ब्रोज ह्यांच्यापर्यंत पोहोचला, आणि ३८७ सालच्या पुनरुत्थान सणाला त्याचा बाप्तिस्मा झाला. आई जे थांबवू पाहत होती, त्यातूनच देवाने तिची प्रार्थना ऐकली. होडी गेल्यावर किनाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या माउल्या आपल्याकडेही आहेत. मोनिका त्यांची मैत्रीण आहे.

ख्रिस्तसभेची धर्मशिक्षा स्पष्ट सांगते, की मोठ्या झालेल्या मुलांना आपला व्यवसाय आणि जीवनमार्ग निवडण्याचा हक्क आणि कर्तव्य आहे. पालकांनी सल्ला द्यावा, दडपण आणू नये. मुलगी धर्मभगिनी व्हायचे म्हणते तेव्हाही, आणि नर्स व्हायचे म्हणते तेव्हाही.

७. काफिला हवा

शेवटी एक गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मरिया आणि योसेफ दिवसभर निश्चिंत चालू शकले, कारण त्यांच्याभोवती काफिला होता. नातलग, ओळखीचे, गावकरी असे अनेक डोळे मुलांवर होते. आज एखाद्या पालकाला ‘मुलाला मोकळे सोडा’ म्हणून सांगणे सोपे आहे, पण काफिला नसताना तो एकटा कसा सोडणार? म्हणून जास्त जपणे हा फक्त पालकांचा दोष नाही. आपण एकमेकांच्या मुलांकडे पाहणे सोडले, त्याची ती किंमत आहे. धर्मग्रामाने पुन्हा काफिला व्हायचे ठरवले, तर प्रत्येक घराची भीती थोडी उतरेल. त्यासाठी पुढील गोष्टी करता येतील.

• एका गल्लीतल्या मुलांनी मिळून धर्मशिक्षण वर्गाला चालत यावे. मोठ्याने लहानाचा हात धरावा. प्रत्येक लघु ख्रिस्ती समूहातल्या दोन मोठ्या माणसांनी त्या वेळी वाटेवर उभे राहावे.
• वयानुसार एकेक जबाबदारी द्यावी. आठ वर्षांच्या मुलाने स्वतःचे दप्तर भरावे, बाराव्या वर्षी दुकानातून हिशेबाने सामान आणावे, पंधराव्या वर्षी एकदा एकट्याने बोईसर ते पालघर लोकलचा प्रवास करावा.
• पापनिवेदनाची तयारी मुलाने स्वतः करावी. आईने यादी न देता, ‘आज कुणाला दुखावले का?’ एवढे विचारावे.
• शाळेचा प्रकल्प मुलाने केला तसाच जाऊ द्यावा. वाकडा असला तरी त्याचा असतो.
• रात्री घरातले सर्व मोबाइल, आईवडिलांचेही, एका जागी ठेवावेत.
• चांगला आणि वाईट स्पर्श, ‘नाही’ म्हणणे, घडलेले न लपवता सांगणे हे मुलांना नीट शिकवावे. मदतीसाठीचा १०९८ हा क्रमांक त्यांना पाठ असावा. मुलाला घाबरवून ठेवण्यापेक्षा हे शिकवलेले कामी येते.

कुटुंबात चर्चेसाठी

१. आपल्या घरात ‘हेरोदाचा’ खरा धोका कोणता, आणि नुसती धास्ती कोणती?
२. मुलांनो, कोणते काम तुम्हाला जमते, पण आईबाबा अजून करू देत नाहीत?
३. शेजारच्या कोणत्या मुलाकडे आपण आपले मूल म्हणून पाहू शकतो?

प्रार्थना

हे पित्या, तुझा पुत्र तू मरिया आणि योसेफ ह्यांच्या हाती सोपवलास. त्यांनी त्याला रात्री छातीशी धरले आणि दिवसा चालू दिले. आम्हालाही केव्हा धरावे आणि केव्हा सोडावे हे कळू दे. आमची मुले आमची होण्यापूर्वी तुझी आहेत, हा विसर पडू देऊ नकोस. आमेन.

तुमचा,
धर्मगुरू